आगीचा शब्द, हाताचा शब्द



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर मला आठवीपासून दहावीपर्यंत संस्कृत शिकवत. शनिवारी सकाळची शाळा असे. शेवटच्या तासाला पुस्तक मिटून ठेवायचे आणि फळ्यावर एकच शब्द लिहायचा, हा त्यांचा नेम होता. शब्द कुठल्याही भाषेतला चाले. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या अशाच एका शनिवारी त्यांनी लिहिले : 'पायरोटेक्निक्स'. अर्थ सांगितला, आतषबाजीची विद्या. आणि म्हणाले, "या शब्दात एक सुतार बसला आहे. सुट्टीत शोधा."

आम्ही काही शोधला नाही. फटाके उडवले, फराळ केला आणि शाळा उघडल्यावर रिकाम्या हाताने वर्गात येऊन बसलो. सरांनी तो सुतार दाखवला, पण तेव्हा त्याचे महत्त्व कळण्याचे आमचे वय नव्हते. आज त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या व्यासपीठावर मला बोलावले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला विचारच करावा लागला नाही. त्या सुट्टीतला राहिलेला अभ्यास मी आज पुरा करणार आहे.

पहिल्यांदा शब्दाचा आजचा अर्थ पाहू. इंग्रजीत 'पायरोटेक्निक्स' म्हणजे शोभेची दारू उडवण्याची कला. पण या शब्दाला दुसरा, थोडा उणा अर्थही चिकटला आहे. एखाद्या वादकाने बोटांची नुसतीच करामत दाखवली, एखाद्या वक्त्याने अलंकारांची माळ लावली, की त्यालाही हाच शब्द लावतात. आपणही 'शब्दांची आतषबाजी' म्हणतो तेव्हा कौतुकापेक्षा नाराजीच जास्त असते. दिपवणारे, पण क्षणात विझणारे आणि मागे काही न ठेवणारे, असा त्याचा सूर. माझे म्हणणे असे आहे की या शब्दावर हा अन्याय झाला आहे. तो जन्मला तेव्हा त्याच्या अंगावर धातूची धूळ होती, भट्टीची धग होती, आणि दिखाव्याशी त्याचा संबंध फार थोडा होता.

शब्दाचे दोन तुकडे करू. पहिला ग्रीक 'प्यूर', म्हणजे आग. दुसरा ग्रीक 'टेख्ने', म्हणजे कसब, कारागिरी, हातात मुरलेली विद्या. 'प्यूर'मधला स्वर ओठ गोल करून 'ई' म्हटल्यासारखा होता. रोमन लोकांनी तो लिहिण्यासाठी ग्रीकांचेच अक्षर उसने घेतले, आणि इंग्रजांनी त्या अक्षराचा आपल्या सवयीने 'आय' केला. अशा रीतीने 'प्यूर'चा 'पायर' झाला. हा 'पायर' आपल्या घरात कधीच येऊन पोचला आहे. ताप उतरवणाऱ्या गोळ्यांना डॉक्टर 'अँटिपायरेटिक' म्हणतात; ग्रीक भाषेत तापाला 'प्युरेटोस' म्हणत, अंगातली आग. लोखंडावर आपटला की ठिणगी देणारा दगड म्हणून एका खनिजाचे नाव 'पायराइट' पडले. मात्र दातांच्या डॉक्टरांचा 'पायोरिया' या कुटुंबातला नव्हे. त्यातला 'पायो' म्हणजे ग्रीक 'प्यूऑन', संस्कृत 'पूय', आणि मराठीत आपण नुसते 'पू' म्हणतो तो. सर असे चकवे मुद्दाम दाखवत. सारखे दिसते म्हणून नाते जोडू नका, हा त्यांचा धाक आजही माझ्या मानेवर आहे.

मग खरी नाती ओळखायची कशी? याकोब ग्रिम हे नाव परीकथांमुळे सगळ्यांना माहीत आहे. दोघा भावांतल्या या थोरल्याने 1822 मध्ये एक नियम मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनमध्ये जिथे 'प' आहे, तिथे इंग्रजी-जर्मन कुळात 'फ' येतो. पितृ आणि फादर, पद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. त्याच नियमाने ग्रीक 'प्यूर' आणि इंग्रजी 'फायर' हे एकाच शब्दाचे दोन अवतार ठरतात. इंग्रजीत आतषबाजीला दोन नावे आहेत, 'फायरवर्क्स' आणि 'पायरोटेक्निक्स'. पहिले बाजारातले, दुसरे ग्रंथातले. पण दोन्हींत आग तीच आहे, आणि दोन्हींत आगीच्या शेजारी काम उभे आहे. इंग्रजीत 'वर्क', ग्रीकमध्ये 'टेख्ने'. हे लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

इथे तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. संस्कृत आणि ग्रीक या बहिणी, तर आपला 'अग्नी' कुठे गेला? 'अग्नी'चे नाते लॅटिन 'इग्निस'शी आहे; गाडी सुरू करताना आपण 'इग्निशन' म्हणतो, ते त्याच्यापासून. लिथुआनियन भाषेत 'उग्निस', रशियन भाषेत 'अगोन'. पण ग्रीक भाषेत या घराण्याचा मागमूस नाही. आणि उलट, 'प्यूर'चा भाऊ संस्कृतात आगीचे साधे नाव म्हणून सापडत नाही. हे असे का, हा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी त्याचे उत्तर असे दिले. या सगळ्या भाषांची जी मूळ भाषा होती, तिच्यात आगीला दोन शब्द होते. एक आगीला जिवंत समजणारा : खाणारी, वाढणारी, हाक मारल्यावर ऐकणारी आग. त्यातून 'अग्नी' आणि 'इग्निस' आले, आणि हे दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. दुसरा आगीला वस्तू समजणारा : चुलीतला विस्तव, भट्टीतला जाळ. त्यातून 'प्यूर' आला, आणि तो नपुंसकलिंगी आहे. पाण्याचेही तसेच. संस्कृतात 'आपः' हे स्त्रीलिंगी, नेहमी अनेकवचनी, ज्यांची प्रार्थना करायची त्या देवता. आणि 'उदक' नपुंसकलिंगी, तांब्यात भरायचे, ओंजळीतून सोडायचे पाणी. ग्रीक 'हुदोर' आणि इंग्रजी 'वॉटर' हे या उदकाचेच भाऊबंद. म्हणजे पाण्याचे दोन्ही शब्द आपण सांभाळले, आणि आगीच्या बाबतीत एकच ठेवला, देव असलेला. ग्रीकांनी नेमका दुसरा ठेवला, वस्तू असलेला.

हा वस्तूचा शब्द किती जुना आहे याचा पुरावा तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे मातीच्या विटांवर मिळाला. तिथे तीन हजार वर्षांहून जुना हित्ती लेखसंग्रह सापडला. चेक विद्वान बेद्रिख ह्रोझ्नी यांनी 1915 मध्ये ती भाषा आपल्याच कुळातली असल्याचे जाहीर केले. त्यांना वाट दाखवणाऱ्या एका वाक्यात भाकरी खाण्याच्या शेजारी 'वातर' हा शब्द आला होता, आणि तो पाणीच असणार हे त्यांनी ताडले. त्याच हित्ती भाषेत आगीला 'पख्खुर' म्हणतात, आणि तोही नपुंसकलिंगी. इटलीत गुब्बिओ गावी काशाचे सात पत्रे जपून ठेवले आहेत. त्यांवर लॅटिनच्या शेजारची उंब्रियन भाषा कोरलेली आहे, आणि तिच्यात आग म्हणजे 'पिर'. रोमच्या डोंगरापलीकडे 'पिर', रोममध्ये 'इग्निस'. एकाच देशात आगीची दोन्ही नावे नांदत होती.

मला वाटते, पायरोटेक्निक्सच्या पोटात 'अग्नी'चे घराणे न येता 'प्यूर'चे घराणे आले, हे अर्थाच्या दृष्टीने फार बरोबर झाले. देवाला आकार देता येत नाही. वस्तूला देता येतो. कसब चालते ते वस्तूवर.

आता सरांचा सुतार. 'टेख्ने'च्या मुळाशी जो धातू आहे तो संस्कृतात 'तक्ष्' या रूपाने आहे : तासणे, घडवणे. त्यापासून 'तक्षन्', म्हणजे लाकूड तासणारा, सुतार. ग्रीकमध्ये याचा सख्खा भाऊ 'टेक्टोन', अर्थ तोच. इमारतीचा नकाशा काढणारा 'आर्किटेक्ट' म्हणजे मूळ अर्थाने थोरला सुतार. ग्रीक बायबलमध्ये येशूच्या धंद्यासाठी आलेला शब्द हाच, 'टेक्टोन'. लॅटिनमध्ये ते कुळ विणकरांकडे गेले. 'टेक्सेरे' म्हणजे विणणे, आणि त्यापासून 'टेक्स्टाइल'ही आले आणि 'टेक्स्ट'ही. लाकूड, कापड, ग्रंथ : तिघांचे मूळ एकच हात आहे. ऋग्वेदातल्या ऋषींनी आपले सूक्त सुताराने रथ घडवावा तसे घडवले असे म्हटले, तेव्हा त्यांनी वापरलेला धातू हाच 'तक्ष्'. त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. शब्द तासणारा आणि लाकूड तासणारा यांना एकाच क्रियापदात बसवताना त्यांचा हात अडखळला नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्या समाजाने पुढे तासणाऱ्या हाताला कुठे बसवले, ते आपण जाणतो.

'प्यूर' आणि 'टेख्ने' हे दोन शब्द शेजारी आले त्याची एक जुनी जागा प्लेटोच्या 'प्रोटागोरस' या संवादात आहे. तिथे प्रॉमिथियसची कथा येते. एपिमेथियस सगळ्या प्राण्यांना शिंगे, लोकर, खूर, वेग वाटत सुटतो आणि माणसाची पाळी येते तेव्हा त्याच्या पोतडीत काही उरत नाही. माणूस उघडा, अनवाणी, शस्त्राविना उभा. मग प्रॉमिथियस चोरी करतो. आपण लहानपणी वाचतो त्या गोष्टीत तो फक्त आग चोरतो. प्लेटोच्या कथेत तो हेफायस्टॉस आणि अथेना यांच्या सामाईक कारखान्यात शिरतो आणि दोन गोष्टी आणतो : कसबाचे शहाणपण, आणि त्याबरोबर आग. आगीविना ते शहाणपण कुणाला मिळवता आले नसते, वापरताही आले नसते, हे तिथे स्पष्ट आहे. आणि हेफायस्टॉसच्या विद्येला प्लेटो जे नाव देतो त्यात आग आणि टेख्ने दोन्ही आहेत, जणू आगीत राहणारी कला. हेफायस्टॉस कोण? देवांतला लोहार. लंगडा, घामाने भिजलेला, ऐरणीपाशी वाकलेला. ज्याला आपण आज आतषबाजीची विद्या म्हणतो, तिच्या नावाची जुळणी त्या लोहाराच्या दारात झाली.

जोडशब्द म्हणून तो चालू लागला प्रबोधनकाळात, इटलीत. 1540 साली व्हेनिसमध्ये 'दे ला पिरोटेक्निया' हे पुस्तक छापले गेले. लेखक व्हान्नोच्चो बिरिंगुच्चो, सिएनाचा. तो 1480 मध्ये जन्मला आणि पुस्तक छापून हातात येण्याआधीच वारला. आयुष्यभर तो खाणी, भट्ट्या आणि ओतकामात होता. त्याने तोफा ओतल्या आणि शेवटी रोममध्ये पोपच्या ओतशाळेचा प्रमुख झाला. पुस्तकाचे नाव वाचून कुणाला वाटेल की आत बाण आणि भुईनळे असतील. पुस्तकाचे दहा भाग आहेत, आणि त्यांतले बहुतेक सारे धातूंचे : सोने, चांदी, तांबे, शिसे, लोखंड यांची खनिजे कशी ओळखावीत, भट्टी कशी बांधावी, भाता कसा लावावा, मिश्रधातू कसे करावेत, घंटा आणि तोफा कशा ओताव्यात. काच आहे, कुंभारकाम आहे, चुना भाजणे आहे. दहाव्या भागात सोरा आणि दारू येते, आणि तिथेच सणासुदीच्या आतषबाजीला जागा मिळते. बिरिंगुच्चोच्या लेखी 'पिरोटेक्निया' म्हणजे आगीच्या साहाय्याने होणारी सगळी कामे. आतषबाजी हा त्या मोठ्या वाड्यातला एक कोनाडा.

किमयागार गुप्त भाषेत लिहीत. याने आपल्या बोलीत, इटालियनमध्ये, उघड लिहिले. जे डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी केले ते सांगावे, हा त्याचा बाणा. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मात्र वेगळे आहे. राख न ठेवता जाळणारी एक आग आहे आणि ती बाकी सगळ्या आगींहून बलवान आहे, असे तो लिहितो. ती आग म्हणजे प्रेम. आयुष्य भट्टीपाशी काढलेल्या माणसाने घंटा, तोफा आणि सोरा यांचा हिशेब पुरा केल्यावर लिहिलेली ही पाने वाचताना गळा दाटून येतो.

या पुस्तकाच्या नशिबातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्याचे इंग्रजी भाषांतर सिरिल स्टॅन्ले स्मिथ या धातुशास्त्रज्ञाने मार्था न्यूदी यांच्याबरोबर केले. ते 1942 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी स्मिथ लॉस अलामॉसला गेले आणि अणुबॉम्बसाठी लागणारे धातू तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. चारशे वर्षांपूर्वीची आगीची विद्या आपल्या भाषेत आणणारा हात आणि त्या भयंकर आगीचा धातू घडवणारा हात एकच होता. याच्यापुढे काय बोलावे, हे मला आजवर सुचलेले नाही.

इंग्रजीतही हा शब्द काही काळ असाच रुंद अर्थ घेऊन वावरला. 1658 मध्ये जॉर्ज स्टार्की यांनी 'पायरोटेक्नी' नावाने पुस्तक लिहिले ते रसायनाचे, औषधे करण्याच्या विद्येचे. त्याआधी 1635 मध्ये जॉन बॅबिंग्टन यांचे 'पायरोटेक्निया' निघाले होते ते आतषबाजीचे. दोन अर्थ काही काळ शेजारी राहिले. मग धातूचे काम धातुशास्त्राकडे गेले, औषधांचे रसायनशास्त्राकडे, तोफांचे लष्कराकडे. वाटण्या झाल्या. मूळ घराचे नाव उरले ते शेवटच्या कोनाड्याला.

आता लॅटिनकडे वळतो, कारण तिथे एक वेगळीच उलथापालथ झाली. रोमन लोक ग्रंथात 'इग्निस' लिहीत राहिले, पण सामान्यांच्या बोलीतून तो शब्द हळूहळू नाहीसा झाला. त्याची जागा घेतली 'फोकुस' या शब्दाने, आणि 'फोकुस' म्हणजे चूल. आज इटालियन लोक आगीला 'फुओको' म्हणतात, स्पॅनिश 'फुएगो', फ्रेंच 'फ', पोर्तुगीज 'फोगु'. सगळ्या चुली. साम्राज्याचे भारदस्त नाव विझले आणि बायाबापड्यांच्या चुलीचे नाव पेटते राहिले. योहानेस केप्लर यांनी 1604 मध्ये हाच शब्द प्रकाशशास्त्रात वापरला, ज्या बिंदूत किरण एकत्र येतात त्याच्यासाठी. भिंगाखाली कागद पेटतो तो बिंदू. म्हणून लग्नात फोटो काढणारा मुलगा 'फोकस जमला' म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी रोमन घरातली चूल असते. आणि फ्रेंच भाषेत आतषबाजीला 'फ दार्तिफिस' म्हणतात. 'आर्तिफिस'मध्ये लॅटिन 'आर्स', म्हणजे कला, आणि 'फाकेरे', म्हणजे करणे. 'आर्स' आणि आपला 'ऋत' यांचे मूळ एक मानले जाते : नीट जुळवणे, जिथल्या तिथे बसवणे. म्हणजे लॅटिनच्या लेकींनीही आगीच्या शेजारी हाताचे कामच ठेवले.

एक गोष्ट इथे स्वच्छ सांगायला हवी. ग्रीक आणि रोमन लोकांनी नावे दिली, पण आतषबाजी त्यांनी कधी पाहिली नाही. दारू चीनची. नवव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात गंधक आणि सोरा असलेले मिश्रण तापवताना लोकांचे हात-तोंड भाजले आणि घर जळाले, असा इशारा दिलेला आहे. हे लोक अमरत्वाचे औषध शोधत होते. म्हणून चिनी भाषेत दारूला जे नाव पडले त्याचा अर्थ 'आगीचे औषध' असा होतो. अरबांनी ही विद्या घेतली तेव्हा सोऱ्याला ते 'चीनचे बर्फ' म्हणत, आणि दारूच्या मिश्रणाला 'दवा' म्हणत. फारसीत 'दारू' म्हणजेही औषध. तोच शब्द मराठीत येऊन 'दारूगोळा' झाला, 'शोभेची दारू' झाला. पिण्याची दारूही त्याच घरची. माझ्या मते हा निव्वळ योगायोग नाही. चीनपासून देवगिरीपर्यंत माणसे एका स्फोटक भुकटीला औषध म्हणत आली.  

युरोपात ही दारू पोचल्याची नोंद लॅटिनमध्ये आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराचे 'लिबेर इग्निउम', आगींचे पुस्तक, एका ग्रीक मार्कच्या नावावर चालते. त्यात 'उडती आग' आहे. तिची दारू भरायच्या नळीबद्दल तिथे एक साधी सूचना आहे : उडण्यासाठी नळी लांब आणि बारीक असावी, गडगडाटासाठी आखूड आणि जाड. आपल्याकडचा बाण आणि फटाका डोळ्यांपुढे आणा. मधल्या सातशे वर्षांत त्या सूचनेत फरक पडलेला नाही.

मराठी माणसाने या विषयात एक मोलाचे काम करून ठेवले आहे, आणि त्याचा उल्लेख या व्यासपीठावरून व्हायला हवा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात चार दशके हस्तलिखितांची राखण करणारे परशुराम कृष्ण गोडे यांनी 1953 मध्ये भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. ओरिसाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याच्या 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथातली आतषबाजीची कृतिपत्रे त्यांनी उजेडात आणली. सोरा, गंधक, कोळसा आणि पोलादाचा कीस घेऊन केलेल्या या वस्तूंची नावे ऐका : कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, पुष्पवर्ती. चंद्रज्योती तर आपण परवापर्यंत बाजारातून आणत होतो. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नाच्या वर्णनात आतषबाजी येते, हेही गोडे यांनीच दाखवले. आणि 'पेशव्यांच्या बखरी'तली एक नोंद : महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगतात. तिथे चार दिवस 'दारूची लंका' उभी करतात, रावण, राक्षस, वानर सगळे दारूचे, आणि हनुमान ती पेटवतो. ते ऐकून पेशव्यांनी पुण्यात पर्वतीपाशी तसा खेळ करवला.

खेळ म्हटले, आणि इथेच मराठीतला फरक येतो. 'आतषबाजी' हा फारसी शब्द, 'आतिश' म्हणजे आग आणि 'बाजी' म्हणजे खेळ. या 'बाजी'चे मराठीत पुढे काय झाले ते पाहा : घोषणाबाजी, शेरेबाजी, हुल्लडबाजी. जिथे उथळपणा दाखवायचा तिथे आपण 'बाजी' लावतो. पण मराठीत दुसराही एक शब्द आहे, जुना, आणि धंद्यातल्या माणसांच्या तोंडचा : 'दारूकाम'. जत्रेच्या पत्रिकेत आजही छापतात, रात्री दहा वाजता शोभेचे दारूकाम. यात काम आहे. ग्रीकांनी 'टेख्ने' म्हटले, इंग्रजांनी 'वर्क' म्हटले, फ्रेंचांनी 'आर्तिफिस' म्हटले, आणि मराठी माणसाने, कुठलाही ग्रीक कोश न उघडता, 'काम' म्हटले. पायरोटेक्निक्सला प्रतिशब्द शोधणाऱ्या परिभाषाकारांना माझी विनंती आहे की नवा शब्द घडवू नका. तो आपल्याकडे आहे. भुईचक्रही तसेच. इंग्रजांच्या 'सायकल'मध्ये जो ग्रीक 'कुक्लोस' आहे, तो आपल्या 'चक्रा'चाच भाऊ.

रंगांबद्दल दोन वाक्ये. बिरिंगुच्चोच्या काळी आतषबाजी सोनेरी, पांढरी, फार तर तांबूस असे. पोटॅशियम क्लोरेट हाती आल्यावर, एकोणिसाव्या शतकात, तिच्यात भडक रंग भरले : स्ट्रॉन्शियमने लाल, तांब्याने निळा, सोडियमने पिवळा, बेरियमने हिरवा. बेरियम हे नाव ग्रीक 'बारुस', म्हणजे जड, यावरून पडले. आणि ग्रीक 'बारुस' हा संस्कृत 'गुरु' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. आभाळात हिरवे फूल उमलते तेव्हा त्यात गुरू असतो. हे मला सरांच्या माघारी कळले. त्यांना सांगता आले नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

सरांचा सुतार मला दिसला तो शाळेच्या फळ्यावर नव्हे. आमच्या गावच्या जत्रेला शेजारच्या गावातून एक दारूकाम करणारे काका येत. देवळामागच्या पडवीत ते आठ दिवस आधी मुक्कामाला असत. कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या नळ्या, तुरीच्या काटक्यांचा कोळसा, गंधक, सोरा आणि बिडाचा कीस. सोरा आला की ते चिमूटभर जिभेवर ठेवत. जीभ गार पडली तर माल चांगला. खलताना लोखंडाला हात लावत नसत, लाकडी बत्त्यानेच काम करत. आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, आणि त्यांच्या स्वतःच्या पायात चपला नसत. तोळ्या-माशांचे माप त्यांच्या बोटांत होते. नळ्यात दारू ठासताना दर थराला ते ठोके मोजत. एखादा नळा मधेच फुसका निघाला तर रात्रभर त्यांना झोप येत नसे, असे त्यांची बायको सांगे.

जत्रेच्या रात्री पहिला भुईनळा पेटला की सोन्याचे झाड उभे राही, आणि सगळे गाव माना उंच करून बघे. मी एका वर्षी त्यांच्या शेजारी उभा होतो. ठिणग्या कुठवर जातात इकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते उकिडवे बसून खाली, नळ्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि ओठ हलवत काहीतरी मोजत होते. जाळ बसल्यावर उठले, धोतराला हात पुसले आणि दुसऱ्या नळ्याकडे गेले.